वेळापत्रक एकट्याचं नसतं

वेळेचं नियोजन कसं करावं, यावर हल्ली सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे उठा, कामांची यादी करा, महत्त्वाचं आधी घ्या, २५ मिनिटं फोन लांब ठेवून काम करा आणि ५ मिनिटं थांबा. यातलं बरंचसं मला पटतं. २५ मिनिटांचं तर फारच, कारण आमची तासिका ३५ मिनिटांची असे आणि मुलांचं लक्ष त्यातली २५च मिनिटं टिके! पण हे सगळे सल्ले एकट्या माणसाला दिलेले असतात, आणि तिथेच माझं घोडं अडतं.

मी शाळेत बरीच वर्षं वेळापत्रक केलं. जून आला की स्टाफरूममध्ये मोठा तक्ता, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायचं. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, आधी भरायचं ते हलवता न येणारं. प्रयोगशाळा एकच, मैदान एकच, अर्धवेळ शिक्षक दुपारनंतरच येणार. मग गणित आणि इंग्रजी मधल्या सुट्टीच्या आधी, कारण शेवटच्या तासाला मुलं पेंगतात. चित्रकला मागे. (चित्रकलेच्या सरांना हे कधी पटलं नाही, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं.) एकाला पहिला तास मोकळा दिला, की तो वर्ग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो. तक्त्यावर हे लगेच दिसतं. घरात दिसत नाही.

त्या २५ मिनिटांच्या पद्धतीला ‘पोमोदोरो’ म्हणतात. पोमोदोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ लावून ती सुरू केली. घड्याळ अभ्यासाच्या टेबलावर आलं. स्वयंपाकघर आहे तिथेच राहिलं.

आपल्याकडचे आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४मध्ये २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत अंतर २०२ मिनिटांवरून २०१वर आलं. एक मिनिट! माझ्या हिशेबात २०१ मिनिटं म्हणजे जवळजवळ पावणेसहा तासिका. शिवाय ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे, न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. “बाई, मी पाचला उठून दोन तास वाचतो. दिवस कसा हातात राहतो!” मला खरंच कौतुक वाटलं. मग विचारलं, “आणि डबा?” “बायको करते.” तिलाही नोकरी आहे. ती कधी वाचते, हे मात्र त्याला सांगता येईना.

त्याला मी एवढंच सुचवलं, की यादी स्वतःच्या डायरीत करू नकोस, फ्रिजवर कागद लाव. वर घरातल्या सगळ्यांची नावं. आधी न हलणारं लिही: पाणी येण्याची वेळ, मुलीची स्कूलबस, आईची औषधं. मग प्रत्येकाला एक मोकळा तास. तो घेताना त्या वेळचं काम कुणाच्या चौकटीत गेलं, तेही पेन्सिलीने लिहायचं. खोडायला सोपं जातं.

आमच्या फ्रिजवर असा कागद आहे. सकाळी सहा ते पावणेसात माझं वाचन. तेव्हाचा चहा आमचे हे करतात. साखर अंमळ जास्त पडते, पण मी काही बोलत नाही.