उत्तरेकडचा देश निवडताना यादीत अम्मी-अब्बांची जागा कुठे?

इशाची नमाज झाली की मस्जिदीबाहेर चार तरुण उभे राहतात. जोगेश्वरीचं बेहरामबाग असो, अंधेरीचं मिल्लतनगर असो की घाटकोपर-मुलुंडची एखादी सोसायटी, हल्ली तिथे एक प्रश्न हमखास निघतो. उत्तरेकडचा कुठलाही देश निवडायला मिळाला तर कुठे राहशील? एक म्हणतो नॉर्वे, दुसरा फिनलंड, तिसऱ्याच्या मामाचा मुलगा कॅनडात आहे म्हणून त्याचं मत पक्कं. पंधरा वर्षांपूर्वी याच जागी उत्तर यायचं दुबई, दोहा किंवा जेद्दा. आता आखाताचं नाव निघालं की पोरं म्हणतात, "अब्बांनी वीस वर्षं काढली तिकडे, मिळालं काय?"

त्यांचं चुकतंय असं आम्ही म्हणणार नाही. आखाताने आपल्या कोकणातल्या गावांत पक्की घरं बांधून दिली, बहिणींची लग्नं लावून दिली. पण नोकरी संपली की व्हिसा संपला. नागरिकत्वाचं नावच नको. उत्तरेकडचे देश निदान कागदावर तरी वेगळा सौदा देतात: काही वर्षं काम करा, भाषा शिका, कर भरा आणि इथलेच व्हा. शिवाय इथे मुंबईत नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, हा अनुभव उपनगरातल्या किती कुटुंबांना आहे ते वेगळं सांगायला नको. खरं तर आपण उत्तरेकडे एकदा गेलोच आहोत. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली किती तरी मुस्लिम कुटुंबं दहिसरच्या पलीकडे मीरा रोडला आणि तिकडे मुंब्र्याला गेली. ते देश निवडणं नव्हतं, जीव वाचवणं होतं. आताची पिढी निवड करू पाहतेय ही चांगलीच गोष्ट आहे. मग ती नीट करूया.

तरुणांच्या हातात असते ती बहुतेक वेळा आनंदी देशांची यादी. जागतिक आनंद अहवालात फिनलंड 2018 पासून 2025 पर्यंत सलग आठ वर्षं पहिला आला. 2025 मध्ये भारत 118 व्या क्रमांकावर होता. पण ही यादी बनते कशी? त्या त्या देशातल्या लोकांना विचारतात, तुमच्या आयुष्याला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? म्हणजे फिनलंडमध्ये राहणारे लोक, बहुतेक तिथेच जन्मलेले, स्वतःच्या आयुष्याला चांगले गुण देतात. कुर्ल्याहून हेलसिंकीला गेलेली, शेजारणीशी एक शब्द बोलता न येणारी, दुपारी साडेतीनला अंधार पाहणारी आपली बहीण किती गुण देईल, ते या यादीतून कळत नाही.

अंधाराचा विषय निघालाच आहे तर तो आपल्यासाठी फक्त हवामानाचा नाही, नमाजचाही आहे. मुंबईत दिवस उन्हाळ्यात सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यात अकरा तासांचा. वर्षभरात फरक दोन-सव्वादोन तास. ओस्लोत जूनमध्ये सूर्य पहाटे चारच्या आत उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये तो सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनला गुडूप. म्हणजे हिवाळ्यात जोहर, असर आणि मगरिब तिन्ही ऑफिसच्या वेळेत, तीन तासांच्या आत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2015 ते 2018 या वर्षांत तो उन्हाळ्यात होता, तेव्हा तिकडे वीस तासांचे रोजे झाले. आता तो हिवाळ्याकडे चाललाय. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील आणि ओस्लोत रोजा आठ-नऊ तासांचा असेल. आज जाणाऱ्याला पहिली काही वर्षं सोपी जातील, पण त्याची मुलं मोठी होईपर्यंत चक्र परत फिरेल. अगदी वरच्या टोकाला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथे मक्केची वेळ धरायची की जवळच्या शहराची, यावर उलेमांनी मार्ग दाखवले आहेत. कॅनडात उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडच्या इनुविक गावात तर 2010 साली एक आख्खी मस्जिद विनिपेगला बांधून ट्रकने आणि मग तराफ्यावरून सुमारे चार हजार किलोमीटर नेली. तेव्हा दीन सांभाळता येत नाही असं नाही. मेहनत लागते.

हलालचंही तसंच. जनावर बेशुद्ध न करता जबह करायला स्वीडन आणि नॉर्वेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून बंदी आहे, डेन्मार्कमध्ये 2014 पासून. पण बाहेरून आलेलं हलाल मटण दुकानात मिळतं. यावरून देश बाद करावा असं आम्हाला वाटत नाही.

देश बाद करायचाच तर कारणं दुसरी आहेत. डेन्मार्कमध्ये ऑगस्ट 2018 पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी आहे. नागरिकत्व घेताना अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करणं सक्तीचं केलं गेलं. त्याच डेन्मार्कने डिसेंबर 2023 मध्ये धर्मग्रंथांची जाहीर विटंबना रोखणारा कायदाही केला, हे न्यायाने सांगायला हवं. स्वीडनमध्ये जून 2023 ला, ऐन ईद-उल-अजहाच्या दिवशी, स्टॉकहोमच्या मस्जिदीसमोर कुरआन जाळलं गेलं आणि पोलिसांनी त्या सभेला परवानगी दिली होती. पुढे 2025 मध्ये त्या प्रकरणातल्या एकाला तिथल्याच कोर्टाने द्वेषाच्या गुन्ह्याखाली दोषी ठरवलं. कॅनडाचं नाव मोठं, पण तिथल्या क्वेबेक प्रांतात 2019 च्या कायद्याने सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षिकेला हिजाब घालता येत नाही. ज्यांच्या घरात बी.एड. झालेली मुलगी आहे त्यांनी मॉन्ट्रियलचं स्वप्न पाहताना एवढं लक्षात ठेवावं.

फिनलंडची एक गोष्ट मात्र आम्हाला फार भावली. तिथे तातार मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहेत. रशियातून कापड आणि कातडी विकायला आलेले व्यापारी, जसे आपले मेमन-कच्छी व्यापारी मुंबईत आले तसे. 1925 मध्ये त्यांची जमात सरकारदरबारी नोंदली गेली. शंभर वर्षं झाली, आपली भाषाही टिकवली आणि फिनिशही झाले. पण नव्याने येणाऱ्यांसाठी तोच फिनलंड आता कडक झालाय. जून 2025 पासून कामाच्या परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला सर्वसाधारणपणे तीन महिने मिळतात, काहींना सहा. स्वीडनने नोव्हेंबर 2023 पासून परवान्यासाठी देशाच्या मध्यम वेतनाच्या 80 टक्के पगाराची अट घातली. नॉर्वेत परदेशी विद्यार्थ्यांना फुकट मिळणारं शिक्षण 2023 पासून बंद झालं. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. मस्जिदीबाहेरच्या गप्पांत "निवडायला मिळाला तर" असं आपण सहज म्हणून जातो, पण निवड मुळात त्यांची आहे.

आता आम्ही ज्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा. उपनगरातलं आपलं घर म्हणजे वन बीएचकेत तीन पिढ्या. अब्बांना शुगर, अम्मीचे गुडघे, आणि घर चालवणारा एक मुलगा. तो मुलगा ओस्लोला गेला तर यांचं काय? बहुतेक ठिकाणी बायको-मुलांना नेता येतं. आई-वडिलांना नेता येतं का, हे फारसं कुणी विचारतच नाही. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ते जवळपास अशक्य आहे. नॉर्वेत साठीपुढच्या, एकट्या पडलेल्या आणि मायदेशी मूल-नातवंड नसलेल्या आईला किंवा वडिलांना वाट आहे. म्हणजे अब्बा हयात असतील तर अम्मी नाही, आणि घाटकोपरला धाकटा भाऊ असेल तरीही नाही. कॅनडात आई-वडिलांना कायम नेण्याची योजना आहे, पण तिथे चिठ्ठ्या टाकून निवड व्हायची आणि 2025 मध्ये नव्याने नावनोंदणी घेतलीच गेली नाही. सुपर व्हिसा मात्र आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरावीक हवं आणि आरोग्य विमा काढावा लागतो.

आखातातून निरोप आला की संध्याकाळच्या विमानाने माणूस तीन तासांत मुंबईत यायचा. तरीही कितीदा जनाजा चुकायचा, कारण आपण दफन लांबवत नाही. उत्तरेकडून तर बहुतेक वेळा चुकणारच. हे वाचायला कडू आहे, पण ज्या घरातून मुलगा निघणार आहे त्या घराने हे आधी एकमेकांशी बोलून घ्यावं. व्हिडिओ कॉलवर माती देता येत नाही.

म्हणून आमचा कौल विचाराल तर तो नॉर्वेला नाही, फिनलंडलाही नाही. मनाने आम्हाला ओस्लो आवडतं. तिथे 1970 च्या दशकापासून पाकिस्तानी कामगारांनी वसवलेली वस्ती आहे, उर्दू ऐकू येते, आणि नोंदणीकृत मस्जिदींनाही चर्चप्रमाणे सदस्यसंख्येनुसार सरकारी अनुदान मिळतं. पण आपल्यासारख्या कुटुंबाला आज त्यातल्या त्यात उघडं दार दिसतं ते जर्मनीचं. आपल्या मोजमापाने तोही उत्तरेतलाच. मार्च 2024 नंतर ज्याला तिथे कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, तो आई-वडिलांसाठी अर्ज करू शकतो, जोडीदार तिथे कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांसाठीही. अट अशी की त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा मुलाने उचलायचा. सत्तरीच्या, शुगर असलेल्या माणसाचा खासगी विमा तिथे महाग पडतो आणि सहज मिळतही नाही, तेव्हा दार उघडं आहे म्हणजे आत जाता येईलच असं नाही. पण इतरांकडे दारच नाही.

दुसरं कारण आपल्या घराजवळचं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं: नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर असे. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, आणि श्टुटगार्ट-मुंबई ही 1968 पासूनची भगिनी शहरं आहेत. करार झाला म्हणजे तिकीट हातात आलं असं समजून नोकरी सोडू नका. पण याचा अर्थ असा की मुलुंडच्या आयटीआयमधून दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलालाही विचार करता येतो, नुसत्या इंजिनिअरलाच नाही. जून 2024 पासून जर्मनीने नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारित संधी-कार्डही सुरू केलं आहे. त्यातही मान्यताप्राप्त दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण चालतं.

शिकायला जायचं असेल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग हा नेमका अपवाद, तिथे परदेशी विद्यार्थ्याकडून सत्राला 1500 युरो घेतात. वर्षाचा खर्च म्हणून 11,904 युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. व्याजाचं कर्ज टाळणाऱ्या घरांची खरी अडचण इथे होते. केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही व्याजसवलतीची योजना होती, तीही 2022 पासून बंद झाली. खानदानात चार जणांनी मिळून कर्जे-हसना द्यावं, असा मार्ग काही घरांनी काढला आहे आणि तो आम्हाला पटतो. मात्र लिहून घ्या आणि साक्षीदार ठेवा.

जर्मनीतही सगळं गोड नाही. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत परकीयांना विरोध करणारा एएफडी पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला. बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटलं जातं, त्यामुळे आठ-नऊ वर्षांचं मूल घेऊन उशिरा गेलात तर भाषा येण्याआधीच त्याची वाट ठरते. आणि एक खास आपल्यासाठी: मुलाला चापट मारणं तिथे 2000 सालापासून कायद्याने बंद आहे. स्वीडनने तर 1979 मध्येच ते बंद केलं, जगात सर्वांत आधी. 'मिसेस चॅटर्जी वर्सेस नॉर्वे' पाहून अनेक आया घाबरल्या. घाबरण्यापेक्षा घरातली ती सवय आजपासूनच सोडली तर इथेही मुलांचं भलं होईल.

नागरिकत्व घेताना भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, मत देता येत नाही. हा निर्णय पंचविशीतल्या पोराने एकट्याने घेण्यासारखा नाही. त्याच्या बायकोला विचारलंय का? तिची पदवी तिथे चालते का? नोकरी, ऑफिस, मित्र त्याला मिळतील. घरात दिवसभर ती असेल. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनचा वर्ग लावायचाच असेल तर दोघांनी लावा.

आणि एजंट. कुर्ला-अंधेरीत "जर्मनी पक्का, चार लाख" म्हणणारे बोर्ड वाढलेत. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते, आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे मोजण्याआधी त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. तो "उद्या देतो" म्हणाला तर चहा प्या आणि घरी या.