आडनावापर्यंत आपले, नावापासून परके

फोनवर खोली बुक करताना मी फक्त आडनाव सांगतो. चौगुले. समोरचा म्हणतो, "या या चौगुले साहेब, तुमचंच घर आहे." कोकणात चौगुले हिंदू असतात तसे मुसलमानही असतात. देसाई, दळवी, पाटील, खोत ही आडनावंही तशीच आहेत. कधी कधी तर एकाच गावात, मशिदीच्या अलीकडे आणि देवळाच्या पलीकडे. आडनावाने दार उघडतं आणि नावाने बंद होतं, हे मी ऐकून होतो. गेल्या हिवाळ्यात ते मोटारसायकलवरून बघून आलो.

आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. चार गाड्या, पाच दिवस, मुंबई ते मालवण, शक्य तितकं समुद्राला धरून. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून जंगलजेटीत गाड्या चढवून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन. बागमांडल्याला परत जंगलजेटी, उतरलो की वेश्वी. एका बाजूला सुरू, दुसऱ्या बाजूला सुपारीच्या वाड्या. दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते आणि घाई करणाऱ्याला थांबवते. हा रस्ता कुणालाही आवडेल असाच आहे, मलाही आवडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या गावी पोचलो. गावाचं आणि घराचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका घराचा नाही. घरमालक साठीच्या पुढचे, बोलायला गोड. कोकम सरबत दिलं. म्हणाले, "आधार कार्डं द्या बाबांनो, नोंद करावी लागते." तीन कार्डं बघून झाली. चौथं त्यांनी दोनदा बघितलं आणि ते आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "थोडा घोटाळा झालाय. एक खोली आधीच फॅमिलीला दिली होती, पोरगा सांगायला विसरला." आम्ही गाड्यांकडे वळलो, तेव्हा त्यांनी सागरला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "तुम्ही तिघे राहा हवं तर. तिघांची सोय होईल."

म्हणजे खोली होती. खाटा होत्या, सुरमईसुद्धा तव्यावर पडायची होती. फक्त मी नको होतो.

तिघेही राहिले नाहीत, हे मी आधी सांगतो, म्हणजे त्यांच्यावर अन्याय नको. पण सागर त्या माणसाला एक शब्दही बोलला नाही. निखिल मला म्हणाला, "जाऊ दे रे. म्हातारा माणूस आहे. ट्रिपचा मूड नको घालवू." अंधारात चाळीस किलोमीटर गाडी चालवून रात्री साडेनऊला आम्ही माझ्या खालाच्या दारात उभे राहिलो. तिने काही विचारलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, माशाचं कालवण केलं, सकाळी सांदणं वाफवली. तिघांनीही त्या ताटाचे फोटो टाकले. खाली लिहिलं, 'कोकणी पाहुणचार'. आदल्या संध्याकाळबद्दल एक ओळ नाही. आजतागायत नाही.

माझं भांडण त्या म्हाताऱ्यापेक्षा या 'जाऊ दे'शी जास्त आहे. त्याने मला एका रात्रीपुरतं नाकारलं. 'जाऊ दे' म्हणणारा त्याला पुढच्या शंभर रात्रींची परवानगी देतो. ज्याचा मूड बिघडला त्याने गप्प बसायचं आणि ज्याने बिघडवला त्याचं वय बघायचं, ही कुठली मैत्री?

हे सांगितलं की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर, "बाईकवाल्या पोरांना कुणीच खोली देत नाही, दारू पितात, धिंगाणा घालतात." मान्य, घालतात. पण तिघांना खोली मिळत होती. धिंगाणा चौथाच घालणार, हे आधार कार्डावरून कळतं का?

दुसरं उत्तर, "त्याचं घर आहे, त्याची मर्जी." पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचं ही मर्जीच आहे. पण दारावर पाटी लावली, दर ठरवला, नेटवर खोलीचे फोटो टाकले की ते घर धंद्यालाही लागलं. आपल्या संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये लिहिलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुठल्याही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही. १९४८ साली संविधान सभेत 'दुकान' म्हणजे नक्की काय असा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घ्यायला सांगितलं. अटी मान्य करणाऱ्याला सेवा मिळाली पाहिजे, हा त्यामागचा अर्थ. होमस्टे हॉटेल आहे की नाही यावर वकील वाद घालतील, घालू द्या. हजार रुपये घेऊन खाट देणारा माणूस काय विकतो, हे समजायला वकील लागत नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचतं, "तुमच्यात काय वेगळं आहे?" याचं खरं उत्तर द्यायला हवं. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून मुसलमान धावून आले. ते रमजानचे दिवस होते. किल्ला बघू दिला तो पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहिलंय. तीही मित्रांची सहलच होती. रोजा ठेवून माणसाला पाण्यावरून हाकलणारे ते आमचेच होते. त्याची मला लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे. पण आमच्या पापाची पावती दाखवून कुणाला आपलं पाप माफ करून घेता येत नाही. उलट त्या हौदाची लाज वाटणाऱ्यानेच या खोलीबद्दल बोललं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. हे 'तुमच्यात, आमच्यात' ज्या किनाऱ्यावर चालतं, तो किनारा कुणा एकाचा कधीच नव्हता. ज्या रेवस-रेड्डी सागरी मार्गावर आज बाईकवाले व्हिडिओ काढत फिरतात, त्याचं स्वप्न बघणारे बॅरिस्टर अंतुले आंबेतचे कोकणी मुसलमान. ते मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, सिंधुदुर्ग जिल्हा झाला. जंजिऱ्याच्या होडीत आम्हाला सांगण्यात आलं की हा शत्रूचा किल्ला. सिद्दी मराठ्यांशी लढला, हे खरंच आहे. पण त्याच पाण्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराचा अधिकारी दौलतखान होता, हे होडीत कुणी सांगत नाही. केळशीच्या याकूतबाबांचं नाव सभासदाच्या बखरीत येतं. आमचे गाडीवाले मात्र केळशीला फक्त वाळू आणि डॉल्फिन विचारतात. दाभोळला जंगलजेटीची वाट बघत अर्धा तास उभं राहायचं, आणि धक्क्याजवळची सतराव्या शतकातली दगडी मशीद बघायची नाही. मीच आग्रह केला म्हणून तिघे आत आले. अभिजित म्हणाला, "हे माहीतच नव्हतं रे." त्याला दोष कसा देऊ? किल्ला, देऊळ आणि बीच एवढाच कोकणचा नकाशा त्याला मिळाला. त्यात मोहल्ला येतो तो फक्त हॉर्न वाजवत पार करायचा अरुंद रस्ता म्हणून.

आणि आम्ही तरी काय करतो? नातेवाइकांच्या घरी उतरतो, ओळखीच्या हॉटेलात जेवतो, फोनवर आडनावाआड लपतो. नकार मिळण्याआधीच वाट बदलतो आणि त्यालाच शहाणपण समजतो. माझ्या खालाचं घर नसतं, तर त्या रात्री मी कुठे गेलो असतो? आणि ते आहे म्हणून मी बाकीची दारं सोडून द्यायची का?

मला कुणाची दया नको. मित्रांकडून दोन गोष्टी हव्यात. असा नकार मिळाला तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कारण विचारा. आवाज चढवायची गरज नाही, नुसतं विचारा. आणि जेवणाच्या फोटोखाली जशी चार वाक्यं लिहिता, तशी त्या खोलीबद्दलही चार वाक्यं लिहा. हे काम मी एकट्याने केलं तर लोक त्याला रडगाणं म्हणतात, तुम्ही केलंत तर ती साक्ष होते.

माझ्याकडून मी एक ठरवलंय. पुढच्या हिवाळ्यात मालवणच्या पुढे, रेड्डीपर्यंत जायचंय. या वेळी फोनवर आधी माझं नाव सांगणार, आडनाव नंतर. खोली नसेल तर तिथेच कळेल, निदान अंधारात चाळीस किलोमीटर गाडी चालवावी लागणार नाही. आणि जो माणूस नाव ऐकूनही "या" म्हणेल, त्याचा पत्ता मी इथे सगळ्यांना देईन.