नव्या मैदानाने संघ श्रीमंत होतो का? गहुंजेचा धडा

१/ व्यावसायिक संघाला नवे, देखणे मैदान मिळाले की त्याची तिजोरी भरते, हा समज जगभर रूढ आहे. पुण्याने तो एकदा पारखून पाहिला. कात्रजहून देहूरोडकडे जाणारा बाह्यवळण मार्ग संपतो, तिथून जवळच गहुंजे आहे. त्या प्रयोगाची खूण तिथे आजही उभी आहे. #थ्रेड

२/ आरंभ मात्र स्वारगेटचा. कात्रजकरांना एका बसने गाठता येणारे नेहरू स्टेडियम महानगरपालिकेच्या मालकीचे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला इथेच नमवले. पुढे तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. असोसिएशनने स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले.

३/ वाट मळलेलीच होती. मुंबईत ब्रेबॉर्नच्या तिकिटांवरून असाच वाद झाला आणि त्यातून वानखेडे उभे राहिले. तिथली पहिली कसोटी जानेवारी १९७५ ची. पण वानखेडे चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गहुंजे शहराबाहेर, द्रुतगती महामार्गालगत.

४/ सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरची बोली लावून आयपीएलमधील पुण्याचा संघ मिळवला. २०१२ मध्ये गहुंजेचे मैदान खुले झाले. त्याला सहाराप्रमुखांचे नाव देण्यासाठी सुमारे २०८ कोटी रुपयांचा करारही झाला. संघ नवा, मैदान नवे, पुरस्कर्ता तोच.

५/ त्या पहिल्याच हंगामात पुणे वॉरियर्स तळाला राहिले. संघाच्या शुल्कावरून मालक आणि मंडळ यांच्यात तंटा वाढला आणि २०१३ मध्ये संघच बाद झाला. नामकरणाची बरीचशी रक्कम आली नाही. नावही उतरवले गेले.

६/ याला केवळ दुर्दैव म्हणणे पुरेसे नाही. अमेरिकेतील बेसबॉल संघ एका हंगामात घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. २०१२ च्या आयपीएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळी सामने १६, त्यांतील निम्मेच घरचे. आठ दिवसांच्या तिकीटविक्रीने संघाचे भाग्य उजळावे तरी कसे?

७/ शिवाय आयपीएल संघाची मुख्य मिळकत प्रक्षेपणहक्कांच्या सामायिक वाट्यातून येते. मैदान सहसा राज्य संघटनेचे. संघ तिथला भाडेकरू. भाडेकरू निघून जातो. कर्ज घरमालकाकडे उरते.

८/ तसेच झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे ६९.५ कोटींच्या थकबाकीपोटी बँक ऑफ महाराष्ट्रच्या नेतृत्वाखालील बँकांनी गहुंजेचा प्रतीकात्मक ताबा घेतला. दोनच महिन्यांनी कावेरी आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने तिथे हलवावे लागले. परक्या मैदानावर खेळून चेन्नईने त्या वर्षी विजेतेपद पटकावले.

९/ म्हणून नव्या मैदानाची घोषणा होईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. वर्षातले किती दिवस ते भरेल? संघ गेला तर हप्ते कोण फेडेल? सामान्य प्रेक्षक तिथे पोहोचणार कसा? स्वारगेटचा वाद तिकिटांचा होता. तो एका चोख करारानेही मिटू शकला असता. त्यासाठी शहराबाहेर कर्जाचा डोंगर रचण्याची गरज नव्हती.