थंडी वाजते म्हणणाऱ्याला हसू नये

डिसेंबर उजाडला की पहाटेच्या मिस्सेला येणारा जो तो कानाला मफलर गुंडाळून येतो. आमच्या खानापूर-बेळगावकडचा गारठा तसा बोचराच, त्यात भाताची मळणी उरकण्याची घाई. अशा दिवसांत कुडकुडणे हा काही आजार नव्हे. आम्ही आज लिहीत आहोत ते पास्काचा सण होऊन गेला तरी ज्यांच्या अंगावरचा स्वेटर उतरत नाही त्यांच्याविषयी. घरातली बाकीची माणसे उकाड्याने अंगणात निजतात, तेव्हा ही माणसे आत वाकळेखाली पाय पोटाशी घेऊन पडलेली असतात. असे एखादे माणूस पुष्कळ घरांत आढळते. बहुधा ती घरची सून असते, नाहीतर म्हातारी आई. आणि बहुधा घरचे तिला हसतात.

हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधी कबूल केलेले बरे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात सणाच्या स्वयंपाकाला एक बाई नेहमी येत. तीन मुलांची आई, वय चाळिशीच्या आतले. काम झाले की बाकीच्या बायका वाऱ्याला बाहेर बसत, ही मात्र चुलीपाशी. “तुमच्यासाठी देवळातच एक चूल मांडायला हवी,” असे आम्ही म्हणत असू, आणि तीही हसे. ही थट्टा दोन वर्षे चालली. मग एका पावसाळ्यात रोप लावताना ती चक्कर येऊन चिखलात पडली. दवाखान्यातील सिस्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसहा. बाईमाणसाला ते निदान १२ असावे लागते, गरोदरपणी ११, आणि पुरुषाला १३. पाळीच्या वेळी तिच्या अंगावरून फार जात असे. पण थंडी आणि ही गोष्ट यांचा संबंध असेल असे तिला वाटले नव्हते, आणि आम्हालाही नाही.

संबंध समजून घ्यायला शेतकऱ्याला फार सांगावे लागू नये. पाटाला पाणी कमी पडले की वरचे वाफे भिजतात आणि शेवटचे कोरडे राहतात. शरीरातही तसेच होते. अन्न जाळून अंगात ऊब तयार होते, त्याला प्राणवायू लागतो, आणि तो वाहून नेण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते. ते लोहाशिवाय तयार होत नाही. लोह कमी पडले की शरीर काळीज आणि मेंदू आधी सांभाळते. हातपाय हे शेवटचे वाफे. शिवाय अंगावर मांस-चरबी बेताची असली तर तयार झालेली ऊब टिकतही नाही. म्हणून खंगलेल्या माणसाला वाकळेवर वाकळ घातली तरी बरे वाटत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पुरुषांत १०० पैकी २५. पाळी आणि बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण आमच्या मते आणखी एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्याचा दोष देवाकडे नेता येणार नाही. रविवारी घरात मटण शिजते. आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली. फोडी कोणाच्या ताटात गेल्या ते सर्वांना ठाऊक असते. शेवटी बसणारी बाई भाकरीने भांडे पुसून घेते आणि त्याला जेवण म्हणते. मांसातले, विशेषतः कलेजीतले लोह अंगी चटकन लागते, आणि नेमके तेच तिच्या वाट्याला येत नाही. अन् मग तीच घरात सर्वांत थंड अंगाची का, असा प्रश्न आपण विचारतो!

नाचणी, चवळी, शेवग्याचा पाला, हरभरा यांतही लोह आहे, पण ते अंगी लागण्यास मदत हवी. वर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा. जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा. चहा ते लोह अडवतो. परंतु साडेसहा किंवा आठ हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीने वर येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याला गोळ्या लागतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, आणि पुष्कळ घरांत फडताळात पडून राहतात, कारण मळमळते आणि शौचास काळे होते. काळे होणे गोळीमुळेच असते, त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. हिमोग्लोबिन वर आले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवावी, नाहीतर साठा भरत नाही. अनवाणी शेतात जाणाऱ्यांच्या तळपायातून आकडीचे जंत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. तेव्हा जंतांचे औषधही विचारून घ्यावे.

उपवासकाळाविषयी एक शब्द. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालत नाही. रक्त कमी असलेली बाई आजारीच आहे.

रक्त ठीक असूनही थंडी जात नसेल, आणि त्याबरोबर वजन वाढणे, कातडी कोरडी पडणे, केस गळणे, शौचास साफ न होणे, आवाज जड होणे असे काही असेल, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंद झाली असण्याचा संभव आहे. हीच ग्रंथी शरीराची आच कमी-जास्त करते. रक्ताच्या एका तपासणीने ते कळते, आणि रोज सकाळी अनशापोटी घेण्याच्या लहानशा गोळीने आटोक्यात राहते. ही गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मीठ आयोडीनचेच आणावे आणि झाकून ठेवावे.

थंडीत बोटे एकदम पांढरी पडून मग निळसर होत असतील, तर विडी-सिगारेट आधी सोडावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. पण अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. थंडी वाजून ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर ही गोष्ट वेगळी, तिथे दिवस घालवू नयेत.

आता थोडे थंडीवरच्या घरगुती उपायांविषयी, कारण त्यांतले काही जीवघेणे आहेत. दारूने ऊब येते हा समज आपल्या लोकांत पक्का बसला आहे. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजायला जाणारे तर तिला औषधच म्हणतात. दारूने कातडीखालच्या शिरा रुंदावतात, अंग तापल्यासारखे वाटते, आणि आतली ऊब बाहेर जाते. कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवणे त्याहून वाईट. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेले माणूस उठतच नाही. मधुमेही माणसाच्या पायांना भाजलेले कळत नाही, म्हणून त्यांनी पाय शेकू नयेत, लोकरी मोजे घालावेत.

म्हाताऱ्यांच्या अंगावरचे मांस झडते आणि ऊब धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. पुष्कळ घरांत त्यांची खाट पडवीत, दाराच्या फटीसमोर असते, कारण त्यांना रात्री उठावे लागते. नाताळाच्या साफसफाईत ती खाट आतल्या भिंतीशी हलवावी, खाली गोणपाट घालावे, रात्री डोक्याला टोपी आणि झोपण्यापूर्वी पेलाभर गरम आंबील द्यावी. याला पैसा लागत नाही. आणि यंदा सणाचे मटण शिजेल तेव्हा सुनेचे ताट आधी वाढून बाजूला ठेवावे; हे सासूने केले तर घरात कोणी ब्र काढणार नाही.