कान्हेरीच्या जंगलात परके कोण?

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. मुंबईला पाणी पुरविणारे तुळशी आणि विहार तलाव त्याच्याच कुशीत आहेत. महानगराला खेटून बिबट्या मोकळा वावरतो, असे ठिकाण जगात विरळाच. हे जंगल टिकलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न एवढाच की, त्याची किंमत कोणी मोजायची?

१९९५ साली या जंगलासाठी उच्च न्यायालयात याचिका झाली. १९९७ च्या आदेशानंतर हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. उघड्यावर आला तो पोटासाठी शहरात आलेला कष्टकरी. पाड्यांवरचे वारली तर उद्यान होण्याआधीपासूनचे! आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे २००६ च्या वनहक्क कायद्यानेच मान्य केले आहे. तरी त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार हटत नाही. उलट, याच जंगलाखालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये थाटात झाले. झोपडी म्हणजे अतिक्रमण आणि बोगदा म्हणजे विकास, हा कुठला न्याय?

उद्यान हे शिक्षणाचे केंद्र आहे, असे सांगितले जाते. शाळांच्या सहली येतात, मुले प्राणी पाहून परततात. पण याच जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंनी येथे शतकानुशतके अध्ययन केले, कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी राखले. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांच्या हत्येला मनाई केली आणि जंगलांना विनाकारण आग लावू नये, असे बजावले. वारली समाज वाघोबाला देव मानून जगला. निसर्गरक्षणाची ही आपली परंपरा सहलीच्या मुलांना कोण सांगतो?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पाड्यांवरील वनहक्काचे दावे आधी निकाली काढा. तोवर एकाही आदिवासीला हलवू नका. पाड्यांवरच्या तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून नेमा. महापालिका आणि आश्रमशाळांच्या मुलांना उद्यान व लेणी मोफत दाखवा.

समाजबांधवांनीही कान्हेरीला गेल्यावर केवळ वंदन करून परतू नये. मुलांना ती पाण्याची टाकी दाखवावीत, पाड्यांवरच्या माणसांशी बोलावे. जंगल ज्यांनी राखले त्यांनाच परके ठरविणारे संवर्धन आम्हाला मान्य नाही.