नाव धोंडू

आमच्या चारकोपात घरांना सेक्टरचे आणि प्लॉटचे आकडे. माणसाची ओळख काय ती दारावरच्या पाटीवरून. परवा सोसायटीचे सेक्रेटरी नव्या पाट्यांसाठी नावे लिहून घ्यायला आले. आमच्या चिरंजीवांनी माझे नाव सांगितले, पण मधल्या नावापाशी ते अडखळले आणि हळूच म्हणाले, "मधे नुसते 'धों.' लिहा."

मधले नाव माझ्या वडिलांचे. धोंडू!

मी गप्प राहिलो. बोलणार कोणत्या तोंडाने? शाळेत पोरे मला 'धोंड्याचा पोर' म्हणून चिडवीत, तेव्हा मीही घरी येऊन रुसून बसलो होतो. आजीने जवळ घेतले आणि म्हणाली, "तुझ्या बापाच्या आधी माझी तीन पोरं गेली रे. म्हणून ह्याला धोंडा म्हटलं. यमाला वाटू दे, दगड कशाला न्यायचा?"

वाचकहो, देवी-पटकीच्या त्या काळात गरिबाच्या हाती दुसरे औषध नव्हते. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे ऐकायला ओबडधोबड खरी. पण अशा कितीतरी नावांमागे मूल गमावलेली आई उभी असते. आणि नावाने का माणूस धोंडा होतो? महर्षी कर्वे हे धोंडो केशवच! त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, १९५८ साली, शंभरीत, त्यांना 'भारतरत्न' मिळाले आणि १९६२ साली ते गेले तेव्हा वय होते १०४. धोंडोपंतांना न्यायची यमाला घाई दिसली नाही!

मात्र सगळीच ओबडधोबड नावे एका माळेत ओवू नयेत. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' म्हणवल्या जाणाऱ्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ते फार चांगले झाले. तिथे मूल नको म्हणून नाव वाईट. आमच्याकडे मूल हवे म्हणून वाईट. एक पुसावे, दुसरे जपावे.

रात्री जेवताना चिरंजीवांना आजीची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. पण वसुबारसेला पाटी लागली, तेव्हा चष्मा लावून पाहिले. 'धों.' नव्हे, चांगले ठसठशीत 'धोंडू' होते.

येणारेजाणारे वाचतात, गालात हसतात. हसोत बापडे! यमाने वाचले म्हणजे झाले.