माजी दादांनी काठावर यावं

दोंडाईच्याहून शहाद्याला जाताना सारंगखेड्याला तापी लागते. बॅरेजमुळे तिथे पाणी चांगलं रुंद अडलेलं असतं. ते पाहिलं की मला पुण्याच्या सीओईपीचा बोट क्लब आठवतो. आता विद्यापीठ झालेल्या या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा हा क्लब 1928 पासून मुळेच्या काठी आहे आणि त्याचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, मुलंच उभा करतात. कयाक आणि पंट एका तालात फिरवून पाण्यावर रचना करतात, मशाली नाचवतात.

प्रत्येक मुलगा तिथे चार वर्षं असतो. वल्हं नीट हातात बसेपर्यंत दोन जातात. तरीही क्लब दर चार वर्षांनी कोरा होत नाही, कारण आधीची तुकडी पुढच्या तुकडीला शिकवून जाते. अशी रचना कागदावरून शिकता येत नाही. ती करून गेलेलं माणूस काठावर उभं लागतं.

डोंगरावर तर त्याची जास्तच गरज असते. नायलॉनचा दोर न वापरताही जुना होतो. कोणत्या दोराने मोठा झटका खाल्लाय, हे वरून कळेलच असं नाही. नोंदवही नसेल, तर ते फक्त त्या दिवशी हजर असलेल्याला ठाऊक असतं आणि तो पदवी घेऊन निघून गेलेला असतो. आपल्या खान्देशाला जवळचा साल्हेर 1,567 मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पावसाळ्यात तिथे एकोणीस वर्षांच्या पोरांना ‘आज इथूनच मागे फिरा’ असं सांगायला अनुभवी दादा सोबत हवाच.

पण माजी सदस्याला क्लबच्या कारभारात मताचा अधिकार नसावा, असं माझं ठाम मत आहे. कॅप्टन कोण, मोहीम कुठे, पैसे कसे जमवायचे, हे आजच्या मुलांनीच ठरवावं. नोकरीला लागून दहा वर्षं झाली तरी निवडीत लक्ष घालणारे दादा क्लबचं नुकसान करतात. मुलं मग जबाबदारी घ्यायलाच शिकत नाहीत. अपवाद एकच, सुरक्षिततेचा. तिथे जुन्याने ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं.

1982 साली स्थापन झालेली पुण्याची गिरिप्रेमी ही कॉलेजची संस्था नाही, पण जुन्यांचा उपयोग कसा करावा हे तिच्याकडून शिकावं. 2019 मध्ये तिचे दहा गिर्यारोहक कांचनगंगेच्या माथ्यावर पोहोचले. त्या मोहिमेचे नेते होते उमेश झिरपे. 2012 च्या एव्हरेस्ट मोहिमेचं नेतृत्वही त्यांचंच. एका मोहिमेत कमावलेलं शहाणपण पुढच्या मोहिमेच्या कामी आलं.

खान्देशातल्या पोरांत दम कमी नाही. पण इथल्या कॉलेजांत एखाद्या हौशी सरांच्या जिवावर चाललेल्या सहली सर बदलून गेले की थांबतात. आपल्याकडची कितीतरी मुलं पुण्या-मुंबईला शिकली, तिथे वल्ही मारली, कडे चढली. त्यांना माझं सांगणं आहे: दिवाळीला घरी आलात की आपल्या गावच्या कॉलेजच्या जिमखान्यात जा. सत्कार नको म्हणा. चार लाइफ जॅकेटं द्या, दोरांची नोंदवही सुरू करून द्या, पोहता येणारी मुलं कोण ते विचारा आणि दोन दिवस त्यांच्यासोबत घालवा. पुढच्या दिवाळीला पुन्हा या.